बाण वाकतो, म्हणूनच लागतो

कोलकात्याला गेलेला मराठी पाहुणा काळीघाटला जाऊन येतो, व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतो आणि संध्याकाळी पाय दुखू लागले की मैदानावर झालमुडी खात बसतो. तिथून हुगळीच्या दिशेला झाडांआड फोर्ट विल्यम हा किल्ला आहे. आत लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असल्यामुळे वाटेल त्याला आत जाता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार या किल्ल्याचे नाव आता 'विजय दुर्ग' झाले आहे आणि ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून घेतलेले आहे. त्याच्या सेंट जॉर्जेस गेटलाही आता 'शिवाजी गेट' म्हणतात. गंमत अशी की नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीने १७४२ मध्ये याच शहराने 'मराठा डिच' नावाचा खंदक खणायला घेतला होता. घोडेस्वार काही शहरात आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. नाव मात्र पावणेतीनशे वर्षांनी थेट किल्ल्याच्या दरवाजावर येऊन बसले!

किल्ल्याभोवतीचे एवढे मोठे मैदान शहराला फिरायला जागा हवी म्हणून ठेवलेले नव्हते. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधायला घेतला, तो १७८१ च्या सुमारास पुरा झाला. तटावरच्या तोफांना समोर आडोसा राहू नये म्हणून आसपासची वस्ती उठवून आणि झाडी तोडून ही जागा मोकळी करण्यात आली. किल्ल्याला पुढे कधी वेढाच पडला नाही. पण या किल्ल्यात बसलेल्या सत्तेकडे एकदा हजारो माणसे तीरकमठे घेऊन निघाली होती. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह या गावी सिदू आणि कान्हू या भावांनी संथाळांना एकत्र केले. सावकार, जमीनदार आणि पोलीस यांच्या जाचाची गाऱ्हाणी कोलकात्याला जाऊन मांडायची, असे ठरले. पाहता पाहता त्याचा उठाव झाला. बंदुकांपुढे तीरकमठ्याचा निभाव लागला नाही आणि १८५६ च्या सुरुवातीला तो मोडून काढण्यात आला. कोलकात्यात एस्प्लनेड भागातल्या एका रस्त्याला आज 'सिदू कान्हू डहर' असे नाव आहे.

त्या तीरकमठ्यांची एक गोष्ट आज नव्याने ध्यानात घेण्यासारखी आहे. खेड्यात जो धनुष्य करी तोच बहुधा त्याचा बाणही करी. बोरू किंवा बांबूची कांडी हातात घेऊन तो ती वाकवून पाही, फार ताठ वाटली तर तासून घेई, फार लवू लागली तर बाजूला टाकी. धनुष्य आणि बाण एकाच अंगणात जन्माला येत, त्यामुळे त्यांचे जमते की नाही हा प्रश्न कोणी वेगळा विचारत नसे. आता धनुष्य गावातले आणि बाण कारखान्यातला, अशी जोडी सर्रास दिसते. कार्बनचा बाण बांबूच्या धनुष्याला लावला की तो बाजूला जातो, आणि बोलणी मात्र पोराला बसतात. 'हात हलतो तुझा!' हात हलत असेलही. पण पुष्कळदा पत्रिकाच जुळलेली नसते.

बांबूपासून कार्बनपर्यंत

आधुनिक तिरंदाजीत भारताची नावे गाजली त्यात बांबूवर हात बसलेली मुले बरीच आहेत. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचा आदिवासी तरुण लिंबाराम घरच्या बांबूच्या धनुष्यावर शिकला, १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्याला हेरले, १९८८ मध्ये तो सोल ऑलिंपिकला गेला आणि १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्याने विश्वविक्रमाशी बरोबरी केली. रांचीजवळची दीपिका कुमारी लहानपणी घरीच केलेल्या बांबूच्या धनुष्यबाणाने नेम धरत असे. खुद्द कोलकात्याला लागून असलेल्या बरानगरने डोला आणि राहुल हे बॅनर्जी भावंड दिले. डोलाने २००७ मध्ये दुबईला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत सुवर्ण मिळवले, राहुलने २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत. अतनू दासही बरानगरचाच. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात त्याच्याबरोबर सिक्कीमचा तरुणदीप राय होता आणि सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातला, सरडे गावच्या मजूर आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव होता. तरुणदीप आणि प्रवीण, दोघेही लष्करातले.

ही सारी मंडळी पदके मिळवताना आधुनिक धनुष्ये वापरत होती, हे खरे. पण बांबूचे धनुष्यही स्पर्धेतून बाद झालेले नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार असतो. त्यात बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरायचा असतो. आधुनिक धनुष्याची ऐपत नसलेल्या कितीतरी मुलांची सुरुवात इथूनच होते. (बाण कसला चालेल, याचे नियम त्या त्या स्पर्धेच्या पत्रकात आधी पाहून घ्यावेत, मग हळहळण्यात अर्थ नसतो.)

कार्बनची ओढ का वाटते हेही समजण्यासारखे आहे. लाकडी किंवा बांबूचा बाण पावसाळी हवेत वाकडा होतो, बाराच्या बारा एकसारखे मिळणे कठीण, आणि एखादी गाठ निघाली की तेवढ्यावरच मोडतो. कार्बनची नळी सरळ असते आणि सरळच राहते. डझनातला कोणताही बाण उचला, वजन जवळजवळ सारखे. पाण्याने तिला काही होत नाही. शिवाय वाकली तर ती लाकडापेक्षा लवकर सरळ होते. हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा.

वाकण्याचे गुपित

बाण वाकतो? हो, वाकतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही इतकेच. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांनी तळहातात धरून दाबा, ती मधोमध फुगते. दोरी सुटते तेव्हा बाणाचे तसेच होते. मागून दोरीचा जोराचा धक्का, पुढे टोकाचे वजन, आणि मध्ये दांडी सापडलेली. त्यातून बोटांवरून निसटताना दोरी किंचित बाजूला सरकते, त्यामुळे वाकायची दिशाही ठरून जाते.

बांबूच्या धनुष्यात हे वाकणे नुसते होत नाही, ते लागतेच. धनुष्याची मूठ मधोमध असते आणि बाण तिच्या बाजूला टेकलेला असतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डावीकडे राहतो. दोरी मात्र सरळ मुठीच्या मध्याकडे धावते. म्हणजे बाणाचे तोंड एकीकडे आणि शेपटीला ओढ दुसरीकडे. बाण लोखंडाच्या गजासारखा असता तर तो डावीकडेच गेला असता. पण तो आधी मुठीला टेकून वाकतो, मग उलट बाजूला वाकतो आणि मासा दगडाला वळसा घालून जातो तसा मुठीला वळसा घालून निघून जातो. पुढे दोनचार वेळा डावीउजवीकडे थरथरून तो सरळ होतो. अमेरिकेतले डॉक्टर आणि तिरंदाज रॉबर्ट एल्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रकाराला 'तिरंदाजाचा विरोधाभास' असे नाव दिले. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिजलद कॅमेऱ्याने बाणाची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो खरोखर कसा वळसा घालतो हे डोळ्यांनी पाहता आले.

आधुनिक स्पर्धेच्या धनुष्यात मुठीच्या वर खिडकीसारखा भाग कापलेला असतो. बाण जवळजवळ मध्यावरच बसतो, त्याला वळसा थोडाच घालावा लागतो. म्हणून त्याला ताठ बाण चालतो. बांबूच्या धनुष्याला तेवढ्याच ओढीला अधिक लवणारा बाण लागतो. आणि नेमकी इथेच चूक होते. दुकानातला तक्ता बहुधा आधुनिक धनुष्य धरून केलेला असतो. त्यावर बोट ठेवून डझनभर बाण आणले जातात आणि सगळेच्या सगळे डावीकडे जाऊ लागतात. ज्या घरात एक डझन बाणांसाठी महिनाभर पैसे बाजूला टाकावे लागतात, त्या घराला ही चूक परवडत नाही.

आकडा उलटा वाचायचा

बाणाच्या ताठपणाला 'स्पाइन' म्हणतात आणि तो आकड्यात सांगतात. दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायची, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि ती किती खाली येते ते मोजायचे. अर्धा इंच आली तर तिचा आकडा ५००. म्हणजे इंचाचे पाचशे सहस्रांश. यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: आकडा मोठा तितका बाण मऊ, लहान तितका ताठ. पुष्कळजण नेमके उलटे समजतात आणि 'मोठा नंबर द्या' म्हणून मोकळे होतात.

हे मोजमाप घरीही होते. फळीवर २८ इंचांवर दोन खिळे ठोकावेत, पाण्याची बाटली ८८० ग्रॅम भरेल एवढी भरून वाण्याच्या काट्यावर तोलून घ्यावी आणि दांडीच्या मध्याला दोऱ्याने टांगावी. बाजूला मिलिमीटरची पट्टी उभी धरावी. साधारण १३ मिलिमीटर खाली आली तर ५००. कोणीतरी दिलेले, आकडा पुसलेले जुने बाण हाती आले असतील तर ही युक्ती फार कामाची.

पण त्याआधी धनुष्याची ओढ ठाऊक हवी. बांबूच्या धनुष्यावर छापील आकडा नसतो. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा दोरीला अडकवून, आपण रोज ओढतो तेवढीच दोरी ओढून वाचावे. १८ किलो आले तर साधारण ४० पौंड. काटा खोलीच्या आत, समोर कोणी नसताना आणि दोघांनी मिळून लावावा. आणि दोरी रिकामी कधीच सोडू नये. बाणाशिवाय सोडलेल्या दोरीचा सगळा धक्का धनुष्य स्वतःच्याच अंगावर घेते आणि बांबू उभा चिरतो.

फार हलक्या बाणाने कमीअधिक हेच होते. कार्बनचा बाण हलका, म्हणून वेगवान, म्हणून चांगला, असे बांबूच्या बाबतीत नाही. पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांचा ठोकताळा असा, की ओढीच्या दर पौंडाला बाणाचे वजन निदान आठ ते दहा ग्रेन असावे. ४० पौंडांच्या धनुष्याला दहाच्या हिशेबाने ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर बाण तोलून पाहायला संकोच वाटायचे कारण नाही.

वजन कमी भरले तर ते पुढच्या टोकाला वाढवावे. जड टोक बसवले की दोन कामे होतात: बाणाचे वजन वाढते आणि दांडी सुटताना अधिक वाकते, म्हणजे ताठ बाण मऊ झाल्यासारखा वागतो. लांबीचेही तसेच. लांब दांडी जास्त लवते, कापली की ताठ होते. म्हणून नवे बाण पूर्ण लांबीचेच आणावेत आणि गरज पडली तर एका वेळी पाव इंच कापावा. स्वयंपाकात मीठ वरून घालता येते, काढता येत नाही. इथे कापलेले परत जोडता येत नाही.

पिसांच्या बाबतीत निवड सोपी आहे. प्लॅस्टिकची पाती बांबूच्या धनुष्याला चालत नाहीत. बाण मुठीला आणि हाताच्या बोटाला घासून जातो, तिथे प्लॅस्टिक आपटून उडते आणि बाणाला बाजूला ढकलते. खरे पीस दबते आणि लगेच उभे राहते. मात्र पिसाचा पुढचा कडक देठ बोटाच्या कातडीत घुसू शकतो. तिथे दोऱ्याचे चार वेढे देऊन वर गोंदाचा थेंब सोडावा.

दोरीकडेही पाहावे लागते. सातपुड्यातल्या भिलांच्या धनुष्याची दोरी बांबूच्याच पट्टीची असते. कारखान्याच्या बाणाची प्लॅस्टिकची खाच गोल, वळलेल्या दोरीसाठी केलेली. ती या पट्टीवर नीट बसेलच असे नाही. खाच दोरीला हलकी धरून राहावी आणि दोरीला टिचकी मारताच सुटावी, एवढी सैल-घट्ट हवी. सैल पडली तर बाण सुटण्याआधीच निसटतो, आणि मग ती दोरी रिकामी सोडल्यासारखीच.

बिनपिसांचा साक्षीदार

आता खरी जुळवणी. तीन बाण पिसांचे आणि एक बिनपिसांचा, एवढे पुरते. पिसे ही शहाणी म्हातारी माणसे. बाण चुकला तरी सावरून घेतात आणि चूक झाकतात. बिनपिसांचा बाण काहीच झाकत नाही. गवताच्या जाड गादीसमोर दहा मीटरवर उभे राहून चारही बाण सारख्याच ओढीने सोडावेत. नेम कोठे लागला याला आज महत्त्व नाही. बिनपिसांचा बाण बाकीच्यांपासून कोठे पडला, तेवढेच पाहायचे.

आधी वरखाली पाहावे. बिनपिसांचा वर गेला तर दोरीवर बाण लावायची जागा खाली झाली आहे, ती थोडी वर घ्यावी. खाली गेला तर उलट. दोरीवर दोरा गुंडाळून केलेली खूण असते, तीच सरकवायची. हे निस्तरल्याशिवाय डावेउजवे पाहूच नये, नाहीतर गोंधळ होतो.

मग डावेउजवे. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर दांडी ताठ आहे. टोक जड करावे किंवा मोठ्या आकड्याची दांडी घ्यावी. उजवीकडे गेला तर मऊ आहे. टोक हलके करावे किंवा पाव इंच कापावा. डावखुऱ्याने हे सगळे आरशात वाचावे. धनुष्याची दोरी मुठीपासून किती लांब उभी आहे त्यानेही थोडा फरक पडतो. दोरीला पीळ देऊन ते अंतर कमीजास्त करता येते. सुटताना फार आवाज करणारे, हाताला झिणझिण्या आणणारे धनुष्य पुष्कळदा एवढ्यानेच शांत होते.

चारही बाण जवळजवळ पडू लागले की पंधरा मीटर, मग वीस. एकाच बाणावरून निकाल देऊ नये. नवशिक्याचा हात अजून बसलेला नसतो, तेव्हा निदान पाचसहा वेळा तेच दिसले तरच खरे मानावे. आणि ज्याचे बाण दर वेळी निराळ्या बाजूला जातात, त्याचा बाण बदलून उपयोग नाही. तिथे मात्र हाताकडेच पाहायला हवे.

लाकडी बाण मोडतो तेव्हा सांगून मोडतो. कार्बनच्या बाणाला बारीक चीर गेली तर ती वरून दिसत नाही. पुढच्या वेळी दोरीच्या धक्क्याने तो हातातच फुटतो आणि त्याचे केसासारखे तुकडे हातात घुसतात. म्हणून गादीतून काढलेला प्रत्येक बाण दोन्ही टोकांनी धरून जरासा वाकवावा, फिरवावा आणि कान द्यावा. कडकड आवाज आला किंवा बोटाला खरखर लागली की तो बाण मोडूनच टाकावा, म्हणजे 'एकदाच मारून पाहतो' असे कोणाला वाटणार नाही. कार्बनची दांडी घरी करवतीने कापू नये. ती चिरते आणि तिची काळी धूळ छातीत जाते. घासणाऱ्या चकतीवर, तोंडाला फडके बांधून आणि मुलांना दूर ठेवून कापावी, नाहीतर दुकानातून कापून आणावी.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, आणि ती कोलकात्यासारख्या हवेत विशेष जाणवते. आषाढात हुगळीवरून येणाऱ्या दमट वाऱ्यात भिंतींना ओल येते तशी बांबूतही मुरते. धनुष्य सैल पडते, ओढ कमी होते. कार्बनचा बाण मात्र होता तसाच. मग वैशाखात चोख जुळलेला तोच बाण श्रावणात ताठ ठरतो आणि डावीकडे सरकू लागतो. कोकणातही हेच होणार. म्हणून जाणती मंडळी एकदोन जड टोके जवळ बाळगतात आणि कोणत्या महिन्यात कोणते लावले ते वहीत टिपून ठेवतात. बिनपिसांच्या बाणावरची धूळ मात्र झटकायची. त्याला पिसे चिकटवायची नाहीत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याला पुन्हा बाहेर काढावे लागते.